तीनशेवीसचा फरक

…तो एकच स्क्रू नवा होता. खिडकीखालच्या पट्टीवरचे बाकीचे सगळे तपकिरी, डोक्यावरच्या खाचेत मळ साचलेले. आणि त्यांच्यात हा, डावीकडून चौथा, नुकत्याच बसवलेल्या दातासारखा चकचकीत. तिनं त्यावर अंगठ्याचं नख टेकवलं. म्हणजे ही पट्टी कुणीतरी काढली होती – आत काहीतरी पाहिलं होतं, किंवा लपवलं होतं – आणि परत लावताना एक स्क्रू हरवला होता. मुरलेला लबाड जुनाच स्क्रू शोधून आणतो. नवा लावतो तो एकतर घाईतला, नाहीतर प्रामाणिक. वीज कंपनीच्या तपासणी विभागात तेहेतीस वर्षं लोकांचे मीटर उघडून पाहिल्यावर तिला एवढं कळत होतं, की प्रामाणिकपणा ही सगळ्यात शेवटी मान्य करायची शक्यता असते.

"इथून पाणी गळायचं का कधी?" तिनं विचारलं.

"छे हो ताई, थेंबसुद्धा नाही," दारात उभा असलेला विक्रेता म्हणाला. "नवा रंग दिलाय आतून. बघा ना कसा दिसतोय."

"का दिला?"

विक्रेता हसला. त्याच्या मागे, बाहेर खडीवर उभा असलेला तिचा नवराही हसला – जरा लवकरच हसला, असं तिला वाटलं.

या आठवड्यात पाहिलेला हा चौथा ट्रेलर – गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर. पहिल्याचं छत ओलं होतं, दुसऱ्याचा आस वाकलेला होता, आणि तिसऱ्यात शोधूनही काही सापडलं नव्हतं म्हणून तिनं तो सगळ्यात आधी बाद केला होता. नवऱ्यानं चकार शब्द काढला नव्हता. "तू म्हणशील तसं," एवढंच. हेच तर खटकत होतं. हा माणूस पियानो सुरात लावणारा. एका तारेसाठी सकाळची दुपार करणारा, पण जेवायला काय आहे हेसुद्धा धड न विचारणारा. तीस वर्षांत स्वतःच्या उशीशिवाय कुठं झोपायची वेळ आली तर दोन दिवस आधीपासून कुरकुरणारा – तो तिच्या निवृत्तीला महिना होतो न होतो तोच म्हणायला लागला, की आपण एक फिरतं घर घेऊ. आणि जायचं ते जिथं तार पोचत नाही अशाच ठिकाणी. तळ्याकाठी, माळावर. शेजारी नको, विजेचा खांब नको.

बरं, तार नको तर नको. मग दिवे विझवून चांदणं बघत बसावं माणसानं! पण नाही. प्रत्येक विक्रेत्याला यानं एकच प्रश्न विचारला होता – बॅटरी रात्रभर टिकेल ना? आभाळ आलं, सौर पॅनेलला दोन दिवस ऊन मिळालं नाही, तरी टिकेल ना? घरातला फ्यूज बदलायला आजवर तिला स्टुलावर चढावं लागलं होतं, आणि आता याच्या तोंडी वॅट-तास, अँपिअर-तास… हे याला शिकवलं कुणी?

आणि तो फोन. दोन आठवड्यांपूर्वी ती आंघोळीहून बाहेर आली तेव्हा हा बाल्कनीत पाठमोरा उभा होता. "हो… कळतंय मला. पण ती तयार नाही होणार. तिला सांगायचं कसं, तेच…" मग चाहूल लागली आणि "ठेवतो हं" म्हणून त्यानं फोन खिशात टाकला. कोण होतं, तर म्हणे शाळेचा पियानो. आता पियानो 'ती' कधीपासून झाला, हे तिनं विचारलं नाही. तपासणीचा पहिला धडा हाच, की मुद्देमाल हाती लागेपर्यंत समोरच्याला काही कळू द्यायचं नाही. तिनं फक्त टिपून ठेवलं. हल्ली तो भर दुपारी खुर्चीतच झोपतो. डोळ्यांखाली काळं आलंय. सकाळी चहाच्या कपाकडे बघत बसतो, आणि कधी मध्येच तिच्याकडे – चोरून, कपाच्या कडेवरून…

"जरा ही यादी तपासतेस का?" तो आत डोकावून म्हणाला आणि त्यानं खिशातली छोटी वही पुढे केली. "आपल्याला किती वीज लागेल ते लिहिलंय. तुझ्याइतकं कुणाला कळतंय त्यातलं! तोवर मी जोडणीचा हूक बघून येतो."

दोघेही ट्रेलरच्या पुढच्या बाजूला गेले. ती पलंगाच्या कडेवर बसली. बसल्याबरोबर ट्रेलर किंचित कलला आणि परत स्थिर झाला – जणू कुणी तिचं वजन मनातल्या मनात लिहून घेतलं.

त्याचं अक्षर नेहमीसारखं, बारीक आणि सरळ. दिवे दोन, चाळीस. पंखा, एकशेसाठ. पाण्याचा पंप, वीस. छोटा फ्रिज, साडेचारशे. फोन, तीस. खाली रेघ आणि रेघेखाली एकूण – एक हजार वीस.

तिनं परत बेरीज केली. सातशे. वरून केली, खालून केली, सातशेच. आकडे चुकणारा माणूस नव्हता हा. दोन तारा एका सेकंदात किती वेळा एकमेकींना खटकतात हे नुसत्या कानानं मोजून पोट भरलं होतं त्यानं. तीनशेवीस वॅट-तास यादीत नव्हते आणि बेरजेत होते. म्हणजे ते कुठंतरी जात होते. वीज हवेत जिरत नाही, ती नेहमी कुणाच्या तरी घरात जाते – हे वाक्य ती नव्या तपासनिसांना पहिल्याच दिवशी ऐकवायची. तीनशेवीस. चाळीस गुणिले आठ. चाळीस वॅटचं काहीतरी, आठ तास. शेगडी म्हणावी तर फार कमी, दिवा म्हणावा तर फार जास्त. आणि आठ तास सलग माणूस करतो तरी काय… झोपण्याशिवाय? कोण झोपणार होतं इथं? पलंग तर एकच होता.

तिनं वहीची मागची पानं उलटली.

तारखा. एकेका तारखेपुढे आकडे – चौदा, एकोणीस, सतरा, सव्वीस. पानामागून पान तसंच. काही आकड्यांखाली रेघ. गेल्या मंगळवारपुढे एकतीस, त्याखाली दोन रेघा, आणि समासात आडवं लिहिलेलं – 'बाई म्हणाल्या, तीसच्या वर गेलं तर आता थांबू नका.'

कोण बाई? आणि काय तीसच्या वर? मंगळवारी काय होतं? मंगळवारी तर तिला सर्दी होती, ती नऊलाच अंथरुणावर पडली होती. आणि हा? हा कुठं होता मंगळवारी, तिला झोप लागल्यावर?

खडीवर पावलं वाजली. तो एकटाच आला. विक्रेता कागद आणायला कचेरीकडे गेला होता.

"बेरीज चुकलीय," ती म्हणाली. आवाज ऑफिसमधला निघाला.

"कुठं?"

"तीनशेवीस जास्त धरलेत. चाळीस वॅटचं काहीतरी आहे, आठ तास चालणारं. काय आहे ते?"

त्यानं तिच्या मांडीवरची उघडी वही पाहिली, पान पाहिलं. पकडलेल्या माणसाचे खांदे कसे पडतात ते तिला पाठ होतं. याचे पडले नाहीत. उलट मोठं ओझं उतरवून ठेवल्यासारखा तो पायरीवरच बसला.

"तुझ्यासाठी आहे ते. श्वासाचं मशीन. रात्री तोंडावर मुखवटा लावून झोपायचं."

"मला काय धाड भरलीय?"

"तू झोपेत थांबतेस."

"थांबते म्हणजे?"

"श्वास घ्यायची थांबतेस. मग दचकल्यासारखी परत घेतेस. ते सगळे मधले सेकंद आहेत."

बाहेर कुणीतरी पत्र्यावर हातोडा मारत होतं. एक, दोन… तिला उगाच ते ठोके मोजावेसे वाटले.

"डॉक्टरबाईंना विचारलं मी फोनवर. त्या म्हणतात, तपासणी करून घ्यायलाच हवी. पण तुला सांगायचं म्हणजे… चार वर्षांपूर्वी मी नुसतं म्हणालो होतो की तू घोरतेस. आठवतं? 'पुरावा काय' म्हणालीस. आणि तीन दिवस बोलली नाहीस."

"म्हणून पुरावा गोळा केलात."

"तुला दुसरं काही चालत नाही गं."

खोटं असेल. तिनं वही डोळ्यांजवळ नेली. खोट्या नोंदवह्या तिनं ढिगानं पाहिल्या होत्या. त्या एका बैठकीत भरलेल्या असतात, एकच पेन, एकच कल, आकडे शाळेत जायला निघाल्यासारखे ओळीत. इथं कुठं निळं पेन होतं, कुठं शिसपेन्सिल, कुठं पियानोवर खुणा करायचा त्याचा जाड खडू. आकडे ओळ सोडून वर चढलेले, एकमेकांवर पडलेले – अंधारात, दिवा न लावता लिहिलेले. एकतीसमधला एक तर पानाबाहेर गेला होता. तिनं हवी तेवढी खोट शोधली. नव्हती.

"कधीपासून?" तिनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला वीजचोरीत पकडलेली एक शिवणकाम करणारी बाई आठवली. मीटर उघडून आतली तार दाखवल्यावर सगळे लोक म्हणतात, मी नाही केलं. ती बाई तसं म्हणाली नव्हती. मशीनवरचा पाय तसाच ठेवून तिनं विचारलं होतं, कधीपासून बघताय माझ्याकडे? किती महिने? तेव्हा हा प्रश्न विचित्र वाटला होता. चोरी सिद्ध झाल्यावर तारखेला काय महत्त्व? आता वाटलं, तेवढंच एक विचारण्यासारखं असतं. आपण आपल्या घरात मोकळेपणानं वावरत होतो, जांभया देत होतो, लुगड्याचा… छे, कसल्याही अवतारात झोपत होतो, आणि तेवढा सगळा वेळ कुणीतरी…

"मागच्या थंडीपासून," तो म्हणाला. "खिडक्या बंद केल्या आणि बाहेरचा आवाज थांबला. मग ऐकू यायला लागलं."

म्हणजे दहा महिने. म्हणून दुपारची झोप. म्हणून कपाच्या कडेवरून बघणं.

"मग हा ट्रेलर कशाला? घरात नसतं सांगता आलं?"

"घरात सांगितलं असतं तर तू उशी घेऊन दुसऱ्या खोलीत गेली असतीस. तिथलं मला ऐकू येत नाही." मग ट्रेलरभर नजर फिरवून, जरा ओशाळून, "इथं दुसरी खोलीच नाही."

तिला राग आला. खरं म्हणजे राग यायला हवा असं तिला वाटलं आणि ती त्याची वाट पाहत राहिली; पण जे आलं त्याला नाव नव्हतं. एकतीस सेकंद ती नव्हती. कुठं होती? आणि तेवढ्या वेळात हा अंधारात कोपरावर रेलून उठला असेल, बत्तिसावा मोजायचा की तिला हलवायचं…

"साहेब, येताय का जरा?" बाहेरून विक्रेत्याची हाक आली. "बॅटरीचा कप्पा दाखवतो!"

तो उठला, तिच्याकडे बघत घुटमळला.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "मी पलंग बघते कसा आहे तो."

तो गेल्यावर ती आडवी झाली. डोक्याशी असलेली छोटी खिडकी उघडी होती आणि बॅटरीचा कप्पा नेमका त्या खिडकीखाली असावा. दोघांचे आवाज अगदी कानाशी येत होते. जुन्या पद्धतीची बॅटरी निम्मीच वापरायची, विक्रेता सांगत होता. पूर्ण संपवली तर लवकर मरते. मग लिथियमची किती टिकेल, नवरा विचारत होता, दोन दिवस ऊन नसलं तर…

तिनं श्वासाकडे लक्ष दिलं. आत, बाहेर. अठ्ठावन्न वर्षांत कधी त्याच्यावर नजर ठेवावी लागली नव्हती. आणि आता नजर ठेवल्याबरोबर तो चोरासारखा वागायला लागला, अडखळत, बेतून, मी तर नेहमी असाच असतो असं दाखवत. तिनं मुद्दामच तो धरला. चार. पाच. सहा. खिडकीबाहेर नवरा बोलत होता, "म्हणजे आभाळ असलं तरी निदान एक रात्र –"

आणि वाक्य मध्येच थांबलं.

नऊ. दहा. बाहेर शांतता होती. विक्रेत्यानं त्याला काही दाखवलं असेल. किल्ली पडली असेल. एवढ्या अंतरावरून, पत्र्याच्या भिंतीतून, भर दिवसा कुणाला काय ऐकू येणार आहे! तिनं श्वास सोडला – थोडा जोरात, नको इतका जोरात.

"– निदान एक रात्र तरी निघायला हवी," नवरा म्हणाला.

एका नोंदीवर काहीच सिद्ध होत नसतं. निदान तीन घ्याव्या लागतात, हे तिनंच लोकांना शिकवलं होतं. अजून एकदा श्वास धरला की काय ते कळलं असतं. ती छतावरच्या नव्या रंगाकडे बघत पडून राहिली, हात पोटावर ठेवून. आणि धरला नाही. बाहेर तो बोलता बोलता पुन्हा गप्प होईल याची तिला भीती वाटत होती, की होणार नाही याची, तेवढंच तिला ठरवता येत नव्हतं.