तिसऱ्या मजल्यावरचे पाणी

ज्या पेठेतून मी माझा संसार हिमतीने बाहेर काढला, त्याच पेठेत माझ्या नातीने हौसेने बिऱ्हाड थाटले. घाऊक व्यापारी शहराबाहेर गेले तेव्हा तेथे उंदीर आणि गंजलेली कुलपे एवढेच उरले होते. आता म्हणे ती जागा पुन्हा जिवंत होते आहे. कापडाच्या वखारीत कॉफी मिळते. भिंतींचा गिलावा मुद्दाम खरवडून विटा उघड्या ठेवतात आणि त्या उघड्यावाघड्या भिंतींपुढे उभे राहून तरुण मुले फोटो काढून घेतात. त्याच भिंती झाकण्यासाठी आम्ही हाडाची काडे केली होती.

घरी बाग आहे, गाडी आहे, तिला स्वतंत्र खोली आहे. ते सारे सोडून ती आमच्या जुन्या दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली; सोबत दोन मैत्रिणी आणि डोक्यावर अंबाडा घालणारा एक सुतार. जागेची किल्ली माझ्या चिरंजीवांनी मला न विचारता दिली. पोरीला परत आणायचेच, असे मी त्याच दिवशी ठरवले. रागावून पाहिले, अबोला धरून पाहिला. तिने फोनवर एवढेच सांगितले की येथून कामावर पायी जाता येते आणि कुठे चाललीस असे कोणी विचारत नाही. हा टोला कोणाला होता, ते न कळण्याइतकी मी दूधखुळी नाही.

तेव्हा मी पाण्याला हात घातला. वर पाणी चढवणारा पंप खाली माझ्या बंद दुकानात आहे. वायरमनला बोलावून मी त्याची जोडणी काढवली आणि दुकानाला नवे कुलूप लावले. चिरंजीव जेवताना कुरकुरले. मी त्यांच्याकडे नुसते पाहिले, तशी त्यांनी मान ताटात घातली. सूनबाई नेहमीप्रमाणे गप्प होत्या. बादल्या वाहून त्या नाजूक मंडळींचा उत्साह चार दिवसांत उतरेल, अशी माझी अटकळ होती.

तो कितपत उतरला हे पाहायला एका सकाळी मी स्वतः गेले. कॉफीवाल्याने आपला नळ त्यांना मोकळा करून दिला होता. जिन्यावर रांग लागली होती आणि बादली खालच्या हातातून वरच्या हातात जात होती. सुतार मला पाहून म्हणाला, "या आजी, एक हात कमीच पडतोय." तो मला उत्तर देण्याच्या लायकीचा वाटला नाही.

मात्र जिना कोरडा ठणठणीत होता. ते मला खटकले. मी वाकून बादलीत पाहिले. पाण्यावर लाकडाची पातळ चकती तरंगत होती.

ती युक्ती माझी. पंप येण्यापूर्वी या जिन्याने पाणी सूनबाई वाहत आणि जिन्याखाली कापडाचे तागे रचलेले असत. एक थेंब सांडलेला मी खपवून घेत नसे. चकती टाकली की पाणी हिंदकळत नाही, हे नव्या सुनेला मीच शिकवले. शिस्त होती ती, आजही म्हणेन. आमच्या दोघींखेरीज ही युक्ती कोणाला ठाऊक नव्हती.

मी मान वर केली. दुसऱ्या वळणावर, बाह्या सरसावून, सूनबाई उभ्या होत्या. रोज सकाळी त्या फिरायला म्हणून निघत ते इकडे.

"सूनबाई, खाली या," मी म्हणाले. "पोरीला घ्या आणि घरी चला."

वरून नात काही बोलू लागली, तिला त्यांनी मानेनेच थांबवले.

"मी वाहत होते तेव्हा मला कुणी घरी चल म्हटलं नाही, आई," त्या म्हणाल्या. "आणि हिच्यावर तर कुणाची सक्तीही नाही. जरा बाजूला व्हा, खालून बादली येतेय."

बाजूला व्हा, असे मला आजवर कोणी सांगितले नव्हते. मी कठड्याशी ताठ उभी राहिले. बादली माझ्यासमोरून वर गेली, तिच्यामागे दुसरी गेली. कोणीही काम थांबवले नाही.

पंप मी जोडून दिलेला नाही आणि देणारही नाही. त्या सकाळी गाडीत बसले तेव्हा ड्रायव्हरने सूनबाईंसाठी पलीकडचे दार उघडे धरून विचारले, "वहिनीसाहेब येतायत ना?"

दार लाव, असे मी त्याला सांगितले.