नाकाशी धरलेलं बोट

मी व्हिडिओ कॅसेट बोलतेय. हो, अजून बोलते. जरा घरघरते, इतकंच.

माझ्या पोटात तीन बावळट चोरांचा सिनेमा आहे. थिएटरात तो सपशेल आपटला, पण या घरातल्या दादाला आणि धाकटीला तोंडपाठ होता. जेवताना संवाद, भांडताना संवाद. चोर गच्चीवरून पडतात ती जागा तर इतक्यांदा मागेपुढे केली, की तिथे माझी फीत झिजून गेली. एका चोराची म्हातारी आई आली मात्र, की दादा म्हणायचा, "आली रडूबाई, पळव पुढे." मी मुकाट पळायचे.

नंतर बरीच वर्षं कपाटात, पांघरुणांखाली.

परवा दुपारी मला धाकटीनं बाहेर काढलं. ती आईकडे राहायला आलीय, मांडीवर तान्हं बाळ. बाळ झोपलं की ही त्याच्या नाकाशी बोट धरते, श्वास चालू आहे ना बघायला. पुन्हा पुन्हा. बाळ कुणाच्या हाती देत नाही, स्वतः झोपत नाही. आपलं डोकं फिरलंय हे कळलं तर बाळ काढून घेतील, या धास्तीनं कुणाला सांगतही नाही.

"जरा हसू तरी येईल," म्हणत तिनं मला लावलं.

गच्चीच्या जागी पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग म्हातारी आली. रिमोट लांब, हातात बाळ; पळवता येईना. तिथली फीत मात्र अजून करकरीत. आपल्या मिशाळ मुलाच्या नाकाशी बोट धरून म्हातारी उभी. तो ढाराढूर घोरतोय, तरी.

धाकटी थिजली. मागे तिची आई दुपट्यांच्या घड्या घालत होती.

"आई, ही वेडी आहे का गं?"

"बोटानं काय कळणार तिला? मी आरसा धरायचे तुझ्या नाकाशी. वाफ धरली की हुश्श. तुझ्या बाबांना अजून सांगितलेलं नाही."

धाकटीला हसू फुटलं, मागोमाग रडू. "मला वाटलं, मलाच काहीतरी झालंय."

"झोप झालेली नाही तुझी. आण त्याला इकडे. तरीही धाकधूक राहिली, तर डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. मी येते."

धाकटीनं बाळ दिलं. पहिल्यांदाच. सोफ्यावर अशी झोपली, की उशी सारलेलीही कळली नाही.

आई मात्र बघत राहिली. मुलं सिनेमा बघायची तेव्हा ती स्वयंपाकघरात. तिनं तो आजवर नुसता ऐकला होता. चोर लपायला नेमके पोलिसांच्याच गाडीत शिरले आणि बाळ उठलं. तिनं मला बंद केलं.

तेव्हापासून मी यंत्रातच आहे. फीत कधी तुटेल, सांगवत नाही. एवढीच विनंती, मला कुणी मागे फिरवू नका. आई उठली तिथेच मी थांबलेय. पुढचं तिला बघायचंय.