बसण्याचा पगार

बाईंनी उभा जन्म शाळेत काढला. मुख्याध्यापिका होत्या, व्हरांड्यात त्यांची चप्पल वाजली की अख्खी शाळा चिडीचूप. निवृत्तीनंतर सहा महिन्यांसाठी मुलाकडे परदेशात आल्या, तर तिथं त्यांना घाबरायलाच कोणी नाही. मुलगा-सून सकाळीच कामावर जात. मागं उरायच्या बाई आणि चार भिंती.

भिंतींचा कंटाळा आला की बाई जिन्यात येऊन बसत. निदान माणसं तरी दिसत. खालच्या मजल्यावरचा सुतार त्यांना जाता-येता बघे. एक दिवस तो थांबला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "नुसतं बसायचंच असेल तर आमच्याकडे बसा. आई एकटी असते. मी पैसे देईन."

बाईंना आधी राग आला, मग हसू. पोरांना जन्मभर 'बसून खाऊ नका' म्हणून बजावलं, आणि आता बसण्याचाच पगार!

संध्याकाळी हे ऐकून मुलानं कपाळाला हात लावला. "आई, तू इथं पाहुणी म्हणून आलीयस. कामाची परवानगी नाही तुला. कोणी विचारलं तर?"

"तर सांगीन, शेजारणीकडे बसायला गेले होते. त्यात खोटं काय?"

सून गालातल्या गालात हसली. मुलानं हात टेकले.

सुताराची म्हातारी आई खारकेसारखी वाळकी, पण राग कायम नाकावर. आधीच्या दोन मदतनिसांना तिनं पळवून लावलं होतं. गुडघ्यांचं निमित्त करून घराबाहेर पडणंही सोडलं होतं. तिनं बाईंना बघून पाठ फिरवली. बाईंनीही फिरवली. असल्या द्वाड मुली त्यांनी ढिगानं पाहिल्या होत्या. शेवटी म्हातारीच कंटाळली आणि तिनं खणातून पत्ते काढले.

एकीची भाषा दुसरीला कळेना, पण राजा-राणी दोघींना कळत. म्हातारी लबाडी करते हेही बाईंना लगेच कळलं. "अगं, हा एक्का मघाशीच पडला की! बाहीत काय लपवतेस?" बाई मराठीतून कडाडल्या. म्हातारी आपल्या भाषेत दुप्पट कडाडली. जेवायला घरी येणारा सुतार तो आवाज ऐकून धावतच आत शिरला. बघतो तर दोघी हसून हसून डोळे पुसताहेत.

बघता बघता जायची वेळ आली. बाईंनी हातानं विमान उडवून दाखवलं. म्हातारीनं पत्ते जमिनीवर भिरकावले आणि भिंतीकडे तोंड करून बसली, ती बसलीच. सुतारानं शेवटचा पगार पुढे केला. बाई क्षणभर घुटमळल्या, पण घेतला. एवढं भांडायला कष्ट काय कमी पडले होते?

निघायच्या सकाळी बॅगा दाराशी आल्या आणि बेल वाजली. दारात म्हातारी! ठेवणीतला कोट घालून, धापा टाकत जिना चढून आलेली. मागं खुर्ची घेऊन सुतार. तिनं तिथंच खुर्ची मांडायला लावली आणि खिशातून पत्ते काढले.

"आई, टॅक्सी उभी आहे," मुलगा म्हणाला.

"राहू दे उभी. एकच डाव."

म्हातारीनं लबाडी केलीच. बाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं आणि डाव सोडून दिला. म्हातारीच्या ते ध्यानात आलं मात्र, ती लालबुंद झाली. बोट नाचवत तिनं बाईंना फैलावर घेतलं आणि पत्ते पुन्हा वाटायला सुरुवात केली.

मुलगा टॅक्सीवाल्याची समजूत काढायला खाली धावला. बाईंनी पदर खोचला आणि पत्ते उचलले.