पदरचा शब्द

“आदी नाव सांग, मग रड!” भामाबाईनं रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला. “आकाराम? म्हसवडचा? बरं, कुनाला निरोप? बयाबाईला. काय सांगू? म्हस घावली? आरं, मग रडतोस कशाला? ठेव आता.”

द्राक्षांच्या व्यापारासाठी नवऱ्यानं घेतलेला हा फोन. नवरा गेला, व्यापार गेला, फोन तेवढा मागं राहिला. तासगावातल्या त्या आळीत दुसरा नव्हता, म्हणून साऱ्या आळीचे निरोप भामाबाईच्या कानावरून जात. तिनं रीत घालून दिली होती. नाव सांगायचं, कुणाला ते सांगायचं, काम सांगायचं, तिच्याकडून परत वदवून घ्यायचं आणि फोन ठेवायचा. ट्रंककॉलची तीन मिनिटं काय गप्पांना असतात? तिची स्वतःची रीत याहून कडक. निरोपात पदरचा शब्द घालायचा नाही. मयतीचे निरोपसुद्धा तिनं जसेच्या तसे पोचवले होते. डोळे पुसले ते उंबऱ्याबाहेर येऊन.

ती वहाणा घालत होती तोच घंटा पुन्हा वाजली. मुंबईचा ट्रंककॉल.

“आदी नाव सांगा.”

“मानसिंग.”

भामाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, कुणी दारात आल्यासारखा. लेकाचा आवाज दिवाळीनंतर आज कानावर पडत होता.

“बोल की रं.”

“निरोप हाय, सासऱ्यांना. विजयमालाला माहेरची आठवण येतीय. रविवारी दोघं येतोय. सांगलीला जीप पाठवा म्हणावं. तिकडंच उतरतो, सोमवारी लगेच परत. सांग बघू.”

तिनं सांगितलं. एक शब्द चुकला नाही.

“बराबर. ठेवतो.”

आणि ठेवलासुद्धा. तिनंच शिकवलेलं. तीन मिनिटांतली निम्मी तरी शिल्लक असतील म्हणून ती रिसीव्हर धरून तशीच उभी राहिली.

“झालं का बोलून?” एक्स्चेंजमधल्या बाईनं विचारलं.

“झालं.”

वाटेत बयाबाईला म्हशीचं सांगून ती व्याह्यांच्या घरी गेली. विहीणबाई हरणाबाई सोप्यात तांदूळ पाखडत होत्या. भामाबाईनं उंबऱ्यातूनच निरोप दिला, होता तसा.

“तिकडंच म्हंजी आमच्याकडं?” सूप थांबलं. “आन् तुमाला काय म्हनले जावई?”

भामाबाईनं वहाणा काढल्या. आत येऊन जोत्यावर टेकली.

“मला व्हय? आवं, आदी माजीच चौकशी. गुडगा कसा हाय, येळंवर जेवतीस का, एकटीला करमतं का. तीन मिनिटं त्यातच गेली बघा. तुमचा निरोप कसाबसा मावला शेवटाला.”

हरणाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग सूप बाजूला ठेवून चहाचं आधण ठेवायला उठल्या.

परड्यातून व्याही नानासो हात पुसत आले. “काय म्हनत्यात जावईबापू?”

“त्यास्नीबी सांगा की,” हरणाबाई चुलीकडून म्हणाल्या. “सगळं सांगा. पयल्यापास्नं.”

भामाबाईनं गुडघ्यापासून सुरुवात केली. एक शब्द चुकला नाही.