डावी एक खाली, उजवी एक वर

मी एक जुनी स्प्रिंग आहे. तीन चाकांच्या एका मोटरसायकलच्या मागच्या डाव्या चाकापाशी माझी जागा, आणि उजव्या चाकापाशी माझ्या जुळ्या बहिणीची. मित्रांनो, गाडी दिसली की तुम्ही तिचा रंग पाहता, दिवा पाहता. आमच्याकडे वाकून कोण बघतो?

पोलादाची जाड तार तापवून, दांड्याभोवती गुंडाळून मला घडवलं. मग एका यंत्राने मला कितीतरी वेळा दाबलं आणि प्रत्येक वेळी मी पुन्हा ताठ उभी राहिले. माझ्या बुडाशी खाचांचं एक कडं आहे. वाकड्या टोकाच्या पान्याने ते फिरवलं की माझी बैठक एकेक खाच वर चढते. त्याने मी कडक होत नाही बरं का, माझा स्वभाव तोच राहतो. फक्त ओझं आलं तरी गाडी मागून फार बसत नाही, एवढंच.

आमची गाडी घेतली एका भावाने. लहानपणीच्या दुखण्याने त्याचा एक पाय अधू झाला होता, दोन चाकांवर तोल सांभाळणं त्याला जमत नसे. मागच्या सीटवर बसायची त्याची थोरली बहीण. तिला दिसत नव्हतं. ती घरोघरी जाऊन आजाऱ्यांचे हातपाय चोळून, वाकवून पुन्हा चालते करायची. अर्धांगाच्या झटक्यातून उठू पाहणारे एक छापखानेवाले आजोबा तर ती आल्याशिवाय बोटसुद्धा हलवत नसत. ताईचे हात आणि भावाची गाडी, दोन्ही मिळून तो संसार चालला होता.

ताईच्या सामानाची मागे बांधलेली पेटी जड झाली तशी गाडी मागून बसू लागली. गॅरेजच्या मिस्त्रींनी आमची कडी फिरवून दिली. पण त्या दिवसापासून काहीतरी बिनसलं. डाव्या वळणावर गाडी उजव्या अंगाला अशी कलायची की भाऊ जीव मुठीत धरून चालवायचा. दुसऱ्या एका कारागिराने पाहिलं आणि सांगाडाच वाकलाय, भंगारात काढा, असं सांगून तो मोकळा झाला. भावाचा चेहरा पडला. दुसरी गाडी घेण्याची ऐपत नव्हती, आणि ही गेली तर ताईचे आजारी तसेच अंथरुणावर राहणार होते.

शेवटचं म्हणून तो गाडी पुन्हा मिस्त्रींकडे घेऊन गेला. दोघांचं बोलणं चाललं होतं, तेवढ्यात ताईच्या हातून पाण्याची बाटली निसटली आणि गडगडत लांब गेली. ताईने कान टवकारले.

"मिस्त्री, तुमची जमीन उतरती आहे का?"

मिस्त्री म्हणाले, "थोडी आहे. गाड्या धुतल्याचं पाणी वाहून जायला मुद्दाम तशी केलीय."

"त्या दिवशी गाडी इथेच उभी होती?"

"हो, इथेच," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनीच गाडी ढकलत शेजारच्या गोदामाच्या सपाट फरशीवर नेली. ताई गुडघ्यांवर बसली. तिने चाक आणि त्यावरचा पत्रा यांच्यामधलं अंतर बोटांनी मोजलं. माझ्या बाजूला चार बोटं भरली, बहिणीच्या बाजूला जेमतेम तीन. नंतर तिने माझ्यावर हात ठेवला, वेढ्यावेढ्यावरून, चिखलाखालून, खाली कड्यापर्यंत. आजाऱ्याच्या पाठीवर ठेवावा तसा. इतकी वर्षं मी ओझी वाहिली, पण मी कशी उभी आहे हे कोणी असं विचारलं नव्हतं. ते हात माझं सगळं जाणत होते. मी पोलादाची, तरी शहारले.

"ही पाचव्या खाचेवर आहे," माझ्या बहिणीलाही तसंच चाचपून ती म्हणाली. "ती तिसऱ्या."

मिस्त्रींनी विजेरी लावून मोजलं. पाच आणि तीन. उतारावर डावी बाजू खाली दिसली, म्हणून त्यांनी नजरेच्या अंदाजाने ती चढवली होती. सांगाडा धडधाकट होता. मिस्त्री खाली बसले आणि म्हणाले, चूक माझी आहे. मग त्यांनी गाडी जॅकवर उचलली, आमच्या कड्यांतला चिखल ब्रशने काढला, तेल सोडलं आणि पाना लावला. मी एक खाच खाली आले, बहीण एक खाच वर गेली. दोघी चौथ्या खाचेवर. भाऊ आणि ताई पेटीसकट बसले, तेव्हा मिस्त्रींनी दोन्हीकडे स्वतःची बोटं लावून पाहिली आणि मान हलवली.

त्यानंतर आम्ही आजोबांकडे निघालो. वाटेत ते डावं वळण होतं. भावाने वेग कमी केला, हँडल घट्ट धरलं. आणि गाडी वळली! कुठे कलणं नाही, कुठे हिसका नाही. आम्ही दोघी बहिणी सारख्याच ताकदीने जमीन धरून होतो, आणि जमीन पाण्यासारखी मऊ वाटत होती. असं चालणं मी विसरूनच गेले होते.

थोडं पुढे गेल्यावर ताईने विचारलं, "वळण कधी येणार रे?"

"गेलं की, ताई."

 मग तिने भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

मित्रांनो, आता माझ्यावर गंज धरू लागलाय. तुमच्या घरच्या गाडीलाही माझ्यासारखी कोणी असेल. तिच्यातला चिखल काढा, थेंबभर तेल द्या. आणि ओझं वाढवाल तेव्हा गाडी सपाट जागी उभी करून, दोन्ही बाजूंना एकदा हात लावून बघा.