आपल्या वावराला पाणी

धुळ्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला आणि त्याच आठवड्यात आबांनी स्वतःचं फावडं रुपाच्या हातात दिलं. माझा विषय होता 'पाण्याचे नियोजन'. सात मिनिटं एकदाही न अडखळता बोलले. घरी येऊन ढाल दाखवली, तर आबा म्हणाले, "छान शे. ठेव वर. रुपा कोठे शे?"

रुपा म्हणजे दिवल्याची मुलगी. दिवल्या दरवर्षी डोंगरपाड्यावरून कालव्यातला गाळ काढायला येतो. रुपा माझ्याच वयाची, चौथीपर्यंत शिकलेली, दिवसाला मोजून दहा शब्द बोलणारी. आणि माझे वडील निंबा आबा हे पांझरा नदीवरच्या आमच्या फडाचे बारेकरी. फड म्हणजे एका बंधाऱ्यावर भिजणारं सगळ्यांचं शिवार, आणि बारेकरी म्हणजे त्यातल्या वावरांना पाळीपाळीने पाणी देणारे. फडात एक नियम सगळ्यांच्या वर आहे: आपल्या वावराला आपण पाणी द्यायचं नाही. मालकाने बांधावर उभं राहावं, चारीचं तोंड बारेकरीच उघडणार. आमचाही ऊस आहे फडाच्या शेवटाला, अर्धा बिघा. त्याला आबा हात लावत नाहीत. ते दुसरे बारेकरी झुलालकाका भिजवतात.

माघात आबांचा गुडघा धरला. आता मला बोलावतील, असं मी धरूनच चालले होते. नववीत आहे, घरातली थोरली आहे. पण आबा म्हणाले, "तू शाळा कर. रुपाले पानी समजस."

पाण्यात समजायचं काय असतं? ते वरून खाली जातं. मला तर त्याचे घनमीटरसुद्धा काढता येतात. पण ते वाक्य जेवताना कानात, झोपताना कानात. बांधावर आबा आपल्या भाकरीतली अर्धी तिला मोडून द्यायचे. तिला 'माय' म्हणायचे. मला म्हणायचे, "कोकिळा, पुस्तक घे." मी पुस्तक घ्यायचे आणि त्याच्या वरून तिच्याकडे बघत राहायचे.

सत्त्याऐंशीचा पावसाळा कोरडा गेला होता, म्हणून या चैत्रात पाण्याची पाळी बारा दिवसांवरून वीस दिवसांवर गेली. अशा पाळीतल्या एका रविवारी आबा पाय दाखवायला साक्रीला गेले. दुपारी मी फडात गेले. रुपा सुकदेव नानांचा ऊस भिजवत होती. त्यानंतर भिकनभाऊंचं वावर, मग आमचं, ते झुलालकाका येऊन भिजवणार.

"आबा आलेत. तुला बोलवताहेत," मी सांगितलं.

तिने पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पानी चालू शे."

"मी आहे ना इथे."

फावडं माझ्या हातात आलं. किती हलकं वाटलं ते. नानांचं वावर काठोकाठ भरलं, तेव्हा मी चारीचं तोंड बंद केलं. पण चारीत मागून येणारं पाणी थांबेना. भिकनभाऊंकडचं तोंड उघडायच्या आत ते बांधावरून उतरलं आणि कडेने खाली आमच्या उसाकडे धावलं. वाया जाणारा थेंब वाचवा, असं मी भाषणात म्हटलं होतं. मी आमच्या बांधाला वाट करून दिली. नंतर थोडं अजून सोडलं. खरं सांगायचं तर आमचं वावर पूर्ण भरलं. आबा बघतील आणि काय म्हणतील, हे मी मनात आधीच ऐकत होते.

रुपा घराकडून परत येईपर्यंत पाळी संपली, पाणी पुढच्या फडाला गेलं. भिकनभाऊंचा ऊस कोरडाच राहिला.

संध्याकाळी आबा साक्रीहून परतले, तेव्हा बंधाऱ्यापाशी माणसं जमली होती. सुकदेव नाना फडाचे पंच. ते आबांना म्हणाले, "निंबा, सारा फड देखस. बारेकरीनंच वावर भरेल शे. कोनी भरं?"

"फावडं त्या रुपाकडे व्हतं," भिकनभाऊ म्हणाले. "आबानं सांगं व्हई तिले."

आबांनी रुपाकडे पाहिलं. मी घरातून आबांच्या मागे आले होते, त्यांच्या पाठीआड उभी होते. मी फक्त गप्प राहायचं होतं. रुपा पाड्यावर परत गेली असती. फावडं रिकामं झालं असतं.

रुपा म्हणाली, "पानी चालू सोडीसन मी गऊ. मनी चूक."

माझं नाव तिने घेतलंच नाही. तिचं गप्प बसणंसुद्धा माझ्या बोलण्यापेक्षा चांगलं होतं, आणि ते मला सहन होईना.

"मी भरलं," मी म्हटलं. "खोटं सांगून तिला घरी पाठवलं. आबांना काही माहीत नाही."

भिकनभाऊ हसले. "भाषणवाली ना हाई?"

"मनी आंडेर शे, मनी लेक," आबा म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "पुढली पाळी मना वावरले पानी नका देऊ. ते पानी भिकनले द्या. फावडं रुपाकडेच ऱ्हाई."

नानांनी मान डोलावली. घरी जाताना आबा लंगडत पुढे चालले. आधार द्यायला मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला.

वीस दिवसांनी मी आमच्या बांधावर उभी होते. आमच्या उसाची पानं सुरळी होऊन गेली होती. शेजारी रुपा अनवाणी चिखलात उभी राहून भिकनभाऊंचं वावर भिजवत होती. अजून तिसरा हिस्सा कोरडा असतानाच तिने चारीचं तोंड बंद केलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. चुकली एकदाची. पण चारीतलं उरलेलं पाणी सावकाश पुढे सरकत गेलं आणि शेवटच्या सरीच्या टोकाशी जाऊन थांबलं. बांधाला टेकलं, वर चढलं नाही.

आबा लांबून बघत होते. त्यांच्या तोंडावर जे होतं, ते मला हवं होतं. ढालीपेक्षा जास्त हवं होतं.

मी बांध ओलांडला. "कधी बंद करायचं, ते तुला कसं कळतं?"

रुपाने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"पहिले चप्पल काढ," ती म्हणाली.

मी काढली. लगेच नाही, थोडी थांबून.