खुराड्यातल्या फटी

संध्याकाळचे साडेसहा वाजले की माझं डोकं फिरायला सुरुवात व्हायची. एक कोंबडी कुंपणाच्या भिंतीवर, दुसरी यांच्या स्कूटरच्या सीटवर, तिसरी कपडे वाळत घालायच्या खांबावर आणि चौथी, जिला मी सासूबाई म्हणायचे, ती थेट खुराड्याच्या छपरावर. छपरावर बसेल, पण आत म्हणून जाणार नाही. आम्ही दोघं म्हातारी माणसं अंगणभर "चल गं, चल गं" करत त्यांच्या मागे. एकीला आत ढकलावं तर दुसरी बाहेर. दार लावून घेतलं की आतून असा आक्रोश, की शेजाऱ्यांना वाटावं आम्ही माना मुरगळतोय.

सासूबाई हे नाव मी उगाच ठेवलेलं नाही. दुसऱ्याच्या कामात खोट काढल्याशिवाय तिला दाणा गिळवत नसे.

खुराडं यांनी स्वतः बांधलं होतं. हे सुतार. फर्निचरच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढली आणि तिथे यांच्या सांध्याची ख्याती अशी, की आत पोस्टकार्ड सरकायचं नाही. फटी बुजवायला बाकीचे लांबी भरायचे, म्हणजे भुसा आणि डिंकाचा लगदा. हे म्हणायचे, "लांबी भरतो तो सुतार नव्हे, चोर." मी शिवणकाम करणारी. आमच्या धंद्यात आतून अस्तर लावून नीट झाकणं हीच कला. या एका मुद्द्यावर आमचं लग्नाच्या पहिल्या वर्षापासून वाजत आलंय.

दोन वर्षांपूर्वी हे निवृत्त झाले आणि हत्यारांची पेटी पलंगाखाली गेली. मध्ये एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी यांच्या डोळ्यातला पडदा सुकत चाललाय असं सांगितलं. घरी येताना हे म्हणाले, "त्या डॉक्टरलाच चष्मा बदलायला हवाय." विषय संपला. यांनी संपवला म्हणजे संपला.

मग लेकीला दिवस गेल्याचं कळलं. दुसऱ्याच दिवशी हे सागाच्या फळ्या घेऊन आले आणि भिंतीला टेकवून ठेवल्या. पाळणा करायचा. पण इतक्या दिवसांनी एकदम पाळण्याला हात घालायचा यांना धीर होईना. म्हणाले, "आधी साध्या लाकडात खुराडं करतो. हात बसला की पाळणा." शेजारच्या कंपाउंडरांनी, म्हणजे जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं औषधं देणाऱ्या गृहस्थांनी, चार कोंबड्या दिल्या. पहिला दीड महिना त्या शहाण्यासारख्या आत झोपल्या. आणि मग एका संध्याकाळी त्यांनी संपच पुकारला.

हे सगळं मनाला लावून घेणारे. कोंबड्यांनी बसायची दांडी उंच झाली म्हणून खाली घेतली. उकडत असेल म्हणून छपराखाली जाळी ठोकली. तरी कोंबड्या बाहेरच. रोज सकाळी चहा हातात घेऊन हे खुराड्यापुढे उभे राहायचे, नापास झालेला मुलगा निकालाच्या फळ्यापुढे उभा राहतो तसे.

आणि एका पहाटे स्कूटरवरची तपकिरी नाहीशी झाली. सीटवर चार पिसं आणि भिंतीवर मांजराच्या पंजाचे ठसे. हे बराच वेळ ती पिसं गोळा करत बसले. मग आत आले आणि म्हणाले, "लेकीला फोन कर. पाळणा विकत घ्या म्हणावं."

"एका कोंबडीसाठी?"

"जिथे कोंबडी निजत नाही, तिथे पोर कसं निजेल गं?"

मी फोन केला नाही. हे फळ्या परत द्यायला निघाले तेव्हा मी स्कूटरची किल्ली लपवली. चिडले, शोधाशोध केली, पण मीही या घरात पंचेचाळीस वर्षं काढलीत. मला माहीत होतं, त्या फळ्या गेल्या की पलंगाखालची पेटी पुन्हा कधीच बाहेर येणार नाही. आणि पेटी गेली की या माणसाचं उरणार काय? टीव्हीसमोरची खुर्ची.

कंपाउंडरांना मी कुंपणावरूनच गाठलं. तुरे फिके पडलेत आणि सारख्या अंग खाजवतात, एवढं ऐकूनच त्यांनी मान हलवली. "वहिनी, अंधार पडला की पांढरं फडकं घ्या आणि दांडीच्या खालून फिरवा. लाल डाग आले तर समजा किडे झालेत. दिवसा लाकडाच्या फटीत दडतात, रात्री बाहेर येऊन रक्त पितात. कोंबडी काय वेडी आहे आत झोपायला?"

"आमच्याकडे फटी नाहीत," मी म्हणाले. सवयीने म्हणाले.

त्या संध्याकाळी हे बातम्या बघत बसले होते, तेव्हा मी पांढऱ्या अस्तराचा तुकडा आणि बॅटरी घेऊन खुराड्यात डोकं घातलं. फडकं फिरवलं. लाल रेघोट्या. उजेड कोपऱ्यात टाकला तर तिळाएवढे किडे पळत सुटले आणि दोन फळ्यांच्या मधे गडप झाले. मी तिथे नख घातलं, नख गेलं. मापाची टेप घातली, टेप गेली. एका जागी तर माझ्या कात्रीचं टोक सहज आत शिरलं. फळ्या पार नागमोडी तासलेल्या. ज्या माणसाच्या सांध्यात पोस्टकार्ड जात नव्हतं, त्याचं हे काम.

मी तिथेच उकिडवी बसून रडले. माझी सुई ओवून द्यायचं यांनी वर्षभरापूर्वी बंद केलं होतं. "तूच ओव, मला कामं आहेत," म्हणायचे. कामं कुठली डोंबलाची! आणि मला, बाईला, एवढंही कळू नये?

मग डोळे पुसले आणि ठरवलं की झाकायचं. माझ्या धंद्यातलंच काम ते. पुढचे चार दिवस हे दुपारी आडवे झाले की मी कामाला लागायचे. पहिल्या दिवशी दांड्या काढून उन्हात टाकल्या आणि उकळतं पाणी फटीफटीत ओतलं. लाकूड वाळू दिलं. मग भुसा आणि डिंक कालवून चमच्याच्या दांड्याने लांबी भरली आणि वरून चुन्याचा हात दिला. बोटं चिकटली, कंबर धरली, पण एक फट सोडली नाही. यांनी विचारलं तर सांगितलं, कंपाउंडरांनी चुना मारायला सांगितलाय.

आठवड्याने, साडेसहा वाजता, सासूबाई छपरावरून उतरल्या. दारात थांबून मान वाकडी करून आत बघितलं आणि गेल्या आत. मागोमाग उरलेल्या दोघी. यांनी टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या. "बघ! मी म्हणत होतो ना, दांडीच उंच होती!"

मी म्हटलं, "तुम्ही म्हणता ते कधी चुकलंय का?" त्या रात्री मला गाढ झोप लागली.

पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. सकाळी हे अंडी काढायला गेले ते लवकर आलेच नाहीत. मी खिडकीतून पाहिलं. दंडापर्यंत हात आत, डोळे मिटलेले आणि अंगठा फळीवरून हळूहळू फिरतोय. डोळ्यांना फसवता येतं, सुताराच्या अंगठ्याला कसं फसवणार?

चहाच्या वेळी म्हणाले, "लांबी कुणी भरली?"

"कंपाउंडरांनी."

"इतकी वाईट कंपाउंडरांनाही भरता येणार नाही."

मला हसू आलं. कबूल केलं सगळं. फडकं, किडे, कात्रीचं टोक. वाटलं आता हे ताडताड बोलतील. यांनी फक्त कप खाली ठेवला.

"फळ्या सरळच आल्या होत्या," हे म्हणाले. "मला वाकड्या दिसल्या. म्हणून तासल्या. तासल्या की बऱ्या दिसायच्या. सरळ रेघ मधेच वळते गं. वर्ष झालं. दाराची चौकट वळते, पट्टी वळते. तुला सांगितलं असतं तर तू पेटी देऊन टाकली असतीस."

"मी? तुमची पेटी?" मला इतका राग आला की मी उठून उभी राहिले. एक वर्ष हा माणूस वाकड्या घरात एकटा हिंडत होता आणि मला सांगायचं नाही! "आधी डॉक्टरांकडे जायचं. उद्याच. मग पेटी बाहेर काढायची."

जाऊन आलो. गेलं ते परत येणार नाही, आहे ते राखू, असं डॉक्टर म्हणाले. यांनी या वेळी त्यांच्या चष्म्याचं नाव काढलं नाही.

परवापासून पाळणा सुरू केलाय. पेटी अंगणात, साग दोन स्टुलांवर, कोंबड्या भुशात लोळतायत. मी माझी लोखंडी पट्टी धरते, रेघ मी मारते, करवत यांची. काल पहिली फळी कापून झाली. मी तिच्या कडेला पट्टी लावली, दोन्ही टोकांनी वाकून बघितली.

"सरळ आहे," मी म्हणाले.

यांनी फळी डोळ्यांसमोर धरली. बराच वेळ बघत राहिले. मग रंधा उचलला. "मला मधे वाकडी दिसतेय."

"दिसू दे. सरळ आहे."

चाळीस वर्षं या माणसाने स्वतःच्या डोळ्यांखेरीज कुणाचं ऐकलं नव्हतं. अंगठा फळीच्या कडेवरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि रंधा खाली ठेवला.